बर्टचं कॉकनी आणि आपला ‘टुम’वाला साहेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनमध्ये भाच्याकडे गेले असताना ‘मेरी पॉपिन्स’ पाहिला. त्यातला धुराडी साफ करणारा बर्ट मला फार आवडला, पण भाच्याचे इंग्रज शेजारी त्याच्या बोलण्याला पोट धरधरून हसत होते. मला काहीच चुकीचं ऐकू आलं नाही. जुन्या गाजलेल्या चित्रपटांत एवढाले मोठे नट परका ॲक्सेंट काढताना असे उघडे का पडतात? त्यांना शिकवायला कोणी नसायचं का? आणि मला ते कळलं कसं नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ग्यानबाची मेख तिथेच आहे. तुम्हाला कळलं नाही यात तुमच्या कानाचा काही दोष नाही. तो ॲक्सेंट तुमच्यासाठी केलेलाच नव्हता. गंमत म्हणजे लंडनकरांसाठीही केलेला नव्हता. तो केला होता अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी. त्याने खरा कॉकनी, म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडमधला तिथल्या ढंगाचं इंग्रजी बोलणारा माणूस जन्मात ऐकलेला नव्हता, पण नाटक-सिनेमातला कॉकनी मात्र भरपूर ऐकला होता. त्याला ओळखीचं वाटलं की स्टुडिओचं काम झालं.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. टीव्ही मालिकांमधली ‘ग्रामीण’ मराठी. ‘म्या’, ‘तुमास्नी’, ‘व्हय’, ‘आवं’ असे पाच-सहा शब्द पेरले की झालं गाव उभं. पण हे गाव नेमकं कुठलं? ‘आवं’ साताऱ्याकडचं, क्रियापद सोलापूरकडचं, आणि राग आला की त्याच तोंडातून ‘ण’ आणि ‘ळ’ कसे अगदी सदाशिव पेठेत घासून-पुसून ठेवल्यासारखे बाहेर पडतात. मुंबईच्या सोफ्यावर बसलेल्याला ते गावाकडचं वाटतं. कराडचा माणूस दुसऱ्या वाक्याला रिमोट शोधतो. बर्टचं नेमकं हेच झालंय, आणि भाच्याचे शेजारी म्हणजे ते कराडकर.

मी डबिंग-बूथच्या काचेबाहेर कानाला हेडफोन लावून सव्वीस वर्षं काढली आहेत, आणि त्यातली निम्मी नटांना उच्चार शिकवण्यात. त्यामुळे मला खोट्या ॲक्सेंटचा राग येत नाही, उलट तो कुठून आला हे शोधायला आवडतं. बहुतेक वेळा तो एखाद्या माणसाकडून आलेला नसतोच. तो आधीच्या नटाकडून आलेला असतो. त्या नटाने त्याच्या आधीच्याचा उचललेला असतो. नकलेची नक्कल.

आता बर्टकडे येऊ. त्याची भूमिका करणारा डिक व्हॅन डाइक मिझुरी राज्यात जन्मलेला, इलिनॉयमध्ये वाढलेला. म्हणजे अमेरिकेच्या पोटातला माणूस. १९६४ साली त्याला लंडनच्या ईस्ट एंडचा गडी व्हायला सांगितलं. शिकवायला माणूस होता का? होता. व्हॅन डाइकने पुढे स्वतःच सांगितलं की मला जे शिकवायला होते ते इंग्रज होते खरे, पण त्यांनाही तो ॲक्सेंट माझ्याहून बरा येत नव्हता. हे गुरुजी म्हणजे जे. पॅट ओ’मॅली हे नट. जन्म लँकाशरमधल्या बर्न्ली गावचा, लंडनपासून सुमारे ३०० किलोमीटर उत्तरेला. अमेरिकनांच्या लेखी इंग्रज म्हणजे इंग्रज. हे म्हणजे नागपूरच्या माणसाला ‘तू मराठीच ना?’ म्हणून मालवणी शिकवायला बसवण्यासारखं झालं. तो बिचारा ‘गे’ आणि ‘मां’ लावत राहील, पण हेल कुठून आणेल?

कॉकनीचं थोडं जवळून सांगते, म्हणजे शेजारी का हसत होते ते लक्षात येईल. त्यात शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळतो. ‘थिंक’चं ‘फिंक’ होतं. ‘डे’चं जवळजवळ ‘डाय’ होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शब्दाच्या मधला ‘ट’ गळ्यातच अडतो. ‘बॉटल’ म्हणताना मध्ये आवाज तुटतो, क्षणभर श्वास अडकतो आणि पुढचं अक्षर येतं. अमेरिकन माणूस नेमका इथे उलटं करतो: तो मधल्या ‘ट’ला मऊ करून ‘बाडल’ म्हणतो. ‘ह’ गाळणं कुणालाही जमतं, ती सवय दोन दिवसांत लागते. पण गळ्यात अडणारा ‘ट’ ही वेगळ्या स्नायूंची सवय आहे. व्हॅन डाइक ‘ह’ गाळतो, ‘डे’चं ‘डाय’ तर मन लावून करतो, इतकं की ते वाक्यातून वर आल्यासारखं ऐकू येतं. आणि जरा उत्साह वाढला की मागून इलिनॉय डोकावतं. गाण्यांत तो कमी खटकतो, ते लक्षात आलं का? चाल बांधलेली असते. कुठला स्वर किती लांबवायचा, जोर कुठे द्यायचा, हे संगीतकारांनी ठरवून दिलेलं. बोलताना ते सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं.

२०१७ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, ब्रिटिश चित्रपट अकादमीचा (बाफ्टा) पुरस्कार मिळणार हे जाहीर झालं तेव्हा त्याने चित्रपटाच्या इतिहासातलं सर्वांत भयंकर कॉकनी तुमच्या माथी मारल्याबद्दल मिश्कीलपणे जाहीर माफीही मागितली. माणूस गोड आहे. मला विचाराल तर त्याने माफी मागायची गरज नव्हती, ओ’मॅलींना नेमणाऱ्याने मागायला हवी होती.

‘शिकवायला कोणी नव्हतं का’ याचं उत्तर यातच अर्धं आलं. माणसं असायची. पण त्या काळी स्टुडिओत ज्याला डायलॉग डायरेक्टर म्हणत, त्याचं मुख्य काम नटाकडून वाक्यं पाठ करून घेणं. खऱ्या माणसाचा आवाज गावोगाव फिरून टिपून आणावा तर तेव्हा खिशात मावणारी यंत्रं नव्हती. शिवाय तयार माल हाताशी होता. अमेरिकेतल्या वॉडव्हिल, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या रंगमंचावर जर्मन, आयरिश, इटालियन, ज्यू असे ठरावीक विनोदी ‘बोलणारे’ साचे पन्नासेक वर्षं चालत आले होते. विनोदी नट मार्क्स बंधूंमधला चिको पडद्यावर आयुष्यभर इटालियन ढंगात बोलला. तो न्यूयॉर्कचा ज्यू होता, आणि तो खरोखर इटालियन आहे असं त्याच्या प्रेक्षकालाही वाटत नव्हतं. तो एक मुखवटा होता, आपल्या तमाशातल्या मावशीसारखा. बोलपट आले तेव्हा हे मुखवटे तसेच्या तसे स्टुडिओत चालत आले. १९४३ साली तर रेडिओ, रंगभूमी आणि चित्रपटांच्या नटांसाठी परक्या बोलींचं एक जाडजूड मॅन्युअलच अमेरिकेत निघालं. त्यात वाक्यं मोडक्या स्पेलिंगांत लिहून दिलेली. मेहनत प्रचंड आहे, मी त्यावरून बरंच शिकले. पण छापील स्पेलिंगवरून ॲक्सेंट शिकणं म्हणजे नोटेशनच्या वहीवरून मींड शिकणं.

आणि एक विसरू नका. त्या काळच्या कितीतरी नटांचा स्वतःचा ॲक्सेंटही घरचा नव्हता. नाट्यशिक्षणात एक घडवलेली इंग्रजी शिकवली जायची, धड अमेरिकन नाही, धड ब्रिटिश नाही. एडिथ स्किनर या बाईंनी ती पिढ्यान्‌पिढ्या नटांच्या जिभेवर बसवली. कॅरी ग्रँट मुळात ब्रिस्टलचा, आर्ची लीच. तो जे बोलायचा ते ब्रिस्टलमध्येही कोणी बोलत नाही आणि न्यूयॉर्कमध्येही नाही. ज्या धंद्यात ‘शुद्ध’ बोलणंच मुळात बेतलेलं, तिथे परक्याचं बोलणं बेतलेलं असलं तर कुणाला खटकणार?

नकलेच्या नकलेची सगळ्यात मजेदार गोष्ट ड्रॅक्युलाची. बेला लुगोसी हा खराखुरा हंगेरियन. ज्या लुगोश गावावरून त्याने आडनाव घेतलं ते आज रुमानियात आहे. १९२७ मध्ये तो ब्रॉडवेवर ड्रॅक्युला झाला आणि १९३१ मध्ये पडद्यावर. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर येतो, आणि ‘डब्ल्यू’चा ओठ गोल करून काढायचा आवाज त्या भाषेत नाही. म्हणून तो ‘व्ह’ काढतो, प्रत्येक शब्द स्वतंत्र पायरीवर ठेवल्यासारखा उच्चारतो, आणि ते थंड, सावकाश बोलणं अंगावर येतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यानंतर आलेला प्रत्येक पिशाच्च-सरदार, कार्टूनमधला असो की लहान मुलांच्या कार्यक्रमातला आकडे मोजणारा, लुगोसीचीच री ओढतो. हंगेरी कुठे आहे हे ठाऊक नसलेला मुलगाही ‘व्हॅम्पायरसारखं बोल’ म्हटलं की हंगेरियन ढब काढतो. एका माणसाचा खरा ॲक्सेंट, आणि त्यावर नव्वद वर्षांची खोट्यांची पलटण.

तज्ज्ञ आणून बसवला की प्रश्न सुटतो, असंही नाही. त्याच १९६४ साली ‘माय फेअर लेडी’ आला. चित्रपट साक्षात उच्चारशास्त्रावरचा, नायक ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक. सल्लागार म्हणून घेतले होते पीटर लॅडेफोगेड यांना, कॅलिफोर्निया विद्यापीठातले, पुढे जगातल्या पहिल्या फळीतले ध्वनिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेलेले. प्रयोगशाळेच्या दृश्यात यंत्रातून जे स्वर ऐकू येतात तो त्यांचा आवाज. इतका मोठा माणूस सेटवर, आणि तरी ऑड्री हेपबर्नची फुलवाली काही ईस्ट एंडची वाटत नाही. सरदारकन्या झाल्यावर ती खुलते, कारण तिथे ती आपल्या स्वतःच्या आवाजात परत आलेली असते. म्हणजे गोष्टीच्या उलट घडलं: गोष्टीत फुलवाली एलायझा उच्चार शिकून उच्चभ्रू बाई होते, आणि इथे बाई प्रयत्नपूर्वक एलायझा होत होती.

आपल्याकडे पु. लं.नी हेच कथानक १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ म्हणून आणलं, तेव्हा कॉकनीची मराठी छाया शोधण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. मराठी प्रेक्षकाचा कान ज्या बोलीत तयार आहे त्या बोलीत मंजुळेला उभं केलं. भक्ती बर्वेंचं ते बोलणं ऐकून एकाही माणसाला ‘हे कुठलं?’ असा प्रश्न पडला नाही. जमिनीवर उभं असलेलं भाषांतर म्हणजे काय ते तिथे दिसतं.

आता आपलं माप आपल्या पदरात घालून घेऊ. मराठी नाटकातला आणि हिंदी सिनेमातला गोरा साहेब कसा बोलतो? ‘टुम काला आडमी’, ‘हम टुमको गोली मारेगा’. हा ‘ट’ आला कुठून?

इंग्रजीतला ‘टी’ आपल्या ‘ट’सारखा नाही आणि ‘त’सारखाही नाही. ‘त’ला जीभ दातांना टेकते, ‘ट’ला मागे वळून टाळूला लागते. इंग्रज माणसाची जीभ या दोघांच्या मध्ये, दातांमागच्या उंचवट्याला लागते. आपल्या कानात त्या मधल्या जागेसाठी कप्पाच नाही. आपण तो आवाज उचलून ‘ट’च्या कप्प्यात टाकतो. त्यामुळे साहेब ‘टुम’ म्हणतो असं आपल्याला ऐकू येतं. आणि नेमकं उलट, आपण इंग्रजी बोलताना ‘टेबल’चा ‘ट’ वळवून म्हणतो तो इंग्रजाच्या कानाला एकदम ‘भारतीय’ लागतो. दोघंही एकमेकांच्या त्याच एका आवाजावर हसतात. दोघांचेही कान आपापल्या घरी बसलेले.

पण साहेबाच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असते जी आपल्या एकाही साहेबाने पडद्यावर कधी केली नाही. तळहातावर टिश्यू पेपरची पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘पाणी’ म्हणा. पट्टी फारशी हलणार नाही. आता एखाद्या इंग्रजाला ‘पेन’ म्हणायला सांगा. पट्टी उडेल. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. त्यामुळे मराठी शिकणारा खरा इंग्रज ‘पाणी’ म्हणायला जातो आणि आपल्याला ‘फाणी’सारखं काहीतरी ऐकू येतं. ‘काका’चं ‘खाका’. उलट ‘भाऊ’ आणि ‘धडा’ त्याला जमत नाहीत, तिथे ‘बाऊ’ आणि ‘डडा’.

मी एकदा हा प्रयोग करून बसले. एका नाटकात ब्रिटिश कलेक्टरची भूमिका होती. नट हुशार, मेहनती. मी त्याला तीन आठवडे खपून खरा साहेब शिकवला: ‘फाणी’, ‘खाका’, मधली जीभ, गिळलेले ऱ्हस्व स्वर, सगळं. तालमीत मला इतका आनंद झाला! पहिल्या प्रयोगाला पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेतून आवाज आला, ‘अरे हा बोबडा आहे का?’ मध्यंतरात दिग्दर्शक माझ्याकडे आले. काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. दुसऱ्या प्रयोगापासून ‘टुम’ परत आला आणि साहेबाच्या एंट्रीला थिएटरमध्ये जी दहशत बसायला हवी होती ती बसली. मी शिकवलेलं खरं होतं आणि चुकीचं होतं. प्रेक्षकाच्या कानात साहेबाचा जो साचा होता त्यात माझा साहेब बसत नव्हता.

टॉम ऑल्टर आठवतात? मसुरीत जन्मलेले, अमेरिकन मिशनऱ्यांचे चिरंजीव, उर्दू अशी की ऐकणाऱ्याने अदबीने बसावं. त्यांना हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं काय दिलं? गोऱ्या साहेबाच्या भूमिका आणि मोडकी हिंदी. ज्याला भाषा येते त्याला ती मोडायला लावायची, कारण चेहरा गोरा आहे. आणि गोव्याचं आपण काय केलं! ‘बॉबी’मध्ये प्रेमनाथ, ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ, दोघेही धमाल, पण त्या ‘क्या मॅन’वाल्या बोलण्यात कोकणी कुठे आहे? कोकणीत ‘ए’ आणि ‘ओ’ दोन-दोन तऱ्हांचे आहेत, एक मिटल्या तोंडाचा, एक उघड्या, आणि त्यावरून शब्दाचा अर्थ बदलतो. कोकणी माणूस हिंदी बोलला तरी त्या स्वरांची सावली पडते. सिनेमातल्या गोवेकराला ही सावली नाही, त्याला फक्त बाटली आहे. मडगावची माणसं त्याला किती वर्षं हसून सोडून देत आलीत, याचा आपण विचारही करत नाही.

भारतीयाचं इंग्रजी परदेशी नटांनी कसं केलं, हेही याच ओघात. पीटर सेलर्सचे कान असामान्य होते. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर भारतात हिंडलेला. १९६० च्या ‘द मिलियनेअरेस’मधला डॉक्टर आणि १९६८ च्या ‘द पार्टी’मधला बक्षी ऐकताना ‘ट’-‘ड’ अगदी नेमके वळलेले ऐकू येतात, व आणि डब्ल्यू एक झालेले ऐकू येतात. पण त्याने वाक्याला जो झोका दिलाय, प्रत्येक अक्षर पाळण्यात बसवल्यासारखा, तो भारतातल्या कुठल्या गावचा हे मला अजून सापडलेलं नाही. पुढे हाच झोका ‘भारतीय ॲक्सेंट’ म्हणून जगभर गेला. सेलर्सचं हे बोलणं लुगोसीसारखं झालं, एवढंच की याचं मूळही नकलेतच होतं. ‘पिंक पँथर’मधल्या त्याच्या फ्रेंच इन्स्पेक्टर क्लूझोवर मात्र माझा काही आक्षेप नाही. तिथे खोटेपणा हाच विनोद आहे: भोवतालची फ्रेंच माणसंसुद्धा त्याचं बोलणं न कळून चक्रावतात. ‘मंकी’चं ‘मिंकी’ करणारा फ्रेंच माणूस फ्रान्समध्येच परका पडतो, हे भन्नाट आहे.

आणि आता गोडबोले. डेव्हिड लीनने १९८४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’ केला, त्यात प्रोफेसर गोडबोलेंच्या भूमिकेत अलेक गिनेस. मूळ कादंबरीत ई. एम. फॉर्स्टरने गोडबोलेंना दख्खनी ब्राह्मण म्हटलंय. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या मराठा महाराजांचे खासगी सचिव होते, त्यामुळे हे आडनाव त्यांनी हवेतून काढलेलं नाही. म्हणजे जागतिक सिनेमात इंग्रजी बोलणारा एक अस्सल मराठी प्राध्यापक उभा राहायची संधी होती! गिनेस थोर नट, यात शंका नाही. पण त्यांनी जे केलं ते ‘एकूणच भारतीय’ असं काहीतरी आहे, मऊ, गूढ, तरंगतं. गोडबोलेंचं इंग्रजी कसं असायला हवं होतं? आपल्याला ‘ॲ’ आणि ‘ऑ’ सहज येतात. ‘बॅट’ आणि ‘कॉलेज’ म्हणताना मराठी माणूस हिंदी पट्ट्यातल्या माणसासारखा अडखळत नाही. ‘स्कूल’च्या आधी आपण ‘इ’ लावत नाही. ‘थिंक’ला आपण ठणठणीत ‘थ’ वापरतो, ‘व’ला खालचा ओठ दातांना अलगद लागतो न लागतो. वाक्याचा शेवट आपण वर झुलवत नेत नाही, निकाल दिल्यासारखा खाली आणून ठेवतो. आणि गोडबोले म्हटल्यावर नाकातला थोडा सूर नको? पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या निवृत्त प्राध्यापकांबरोबर चहा घेतला असता तरी काम झालं असतं. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी समोर उभे आहेत, त्यामुळे फरक आणखी टोचतो.

मग यातून सुटले कोण? एक तर ज्यांनी ॲक्सेंटचा नादच सोडला. ‘कॅसाब्लांका’ बघा, १९४२ चा. आजूबाजूला खरे निर्वासित नट: कॉनराड फाइट जर्मन, साकाल हंगेरियन, दालियो फ्रेंच. आणि फ्रेंच पोलीस अधिकारी कोण, तर क्लॉड रेन्स, इंग्रज, आणि तो सरळ इंग्रजासारखंच बोलतो. एकालाही खटकत नाही. हा रेन्स लहानपणी स्वतः पक्का कॉकनी होता, रंगभूमीवर आल्यावर मेहनतीने त्याने ते बोलणं पुसलं. त्याला चांगलंच ठाऊक असणार की ॲक्सेंट घालायला किती लागतो आणि काढायला किती.

काहींनी प्रेक्षकाला विश्वासात घेतलं. ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’मध्ये वकील जर्मनमध्ये बोलायला लागतो, कॅमेरा सरसर त्याच्याकडे झेपावतो आणि तो त्याच श्वासात इंग्रजीत जातो. १९९० च्या ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मध्ये पाणबुडीवरचा राजकीय अधिकारी रशियनमध्ये बायबल वाचतो, कॅमेरा हळूहळू त्याच्या ओठांपर्यंत जातो, ‘आर्मागेडन’ हा दोन्ही भाषांत सारखा शब्द येतो आणि त्या शब्दावर भाषा बदलते. डबिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर असा पंच, म्हणजे चालू वाक्यात मारलेला जोड, लाखात एक. त्यानंतर शॉन कॉनरी भर रशियन पाणबुडीत स्कॉटिश बोलतो आणि आपण खुशाल ऐकतो. आपल्या शांतारामबापूंनी १९४६ मध्ये सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची कहाणी पडद्यावर आणली, तेव्हा चीनमधली माणसं हिंदी बोलली. करार आधीच झालेला असतो: आपण हिंदी सिनेमा बघतोय.

कॉनरीवरून एक मतभेद नोंदवते. ‘एम्पायर’ मासिकाने २००३ मध्ये सर्वांत वाईट ॲक्सेंटची यादी केली, तिच्यात पहिला नंबर कॉनरीचा, ‘द अनटचेबल्स’मधल्या आयरिश पोलिसासाठी, व्हॅन डाइक दुसरा. याच भूमिकेसाठी कॉनरीला ऑस्कर मिळालंय! माझा कौल ऑस्करवाल्यांना. त्याचं बोलणं आयरिश नाही हे खरं, पण पहिल्या दृश्यापासून मरेपर्यंत ते एकच आहे. कान दहा मिनिटांत जुळवून घेतो. याउलट १९९१ च्या ‘रॉबिन हूड’मध्ये केव्हिन कॉस्टनर. तिथे इंग्रजी ॲक्सेंट पावसाळ्यातल्या विजेसारखा येतो आणि जातो. चुकीचा ॲक्सेंट प्रेक्षक माफ करतो. जाणारा-येणारा करत नाही, कारण दर वेळी त्याला आठवण होते की हा माणूस नट आहे.

दुसरे सुटले ते खोल गेलेले. मेरिल स्ट्रीपने ‘सोफीज चॉइस’साठी (१९८२) पोलिश शिकून घेतली. पोलिश ॲक्सेंट शिकणं वेगळं आणि पोलिश शिकणं वेगळं. पोलिशमध्ये आपल्यासारखीच ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदं नाहीत, जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. त्यामुळे तिची सोफी इंग्रजीत चुकते ती पोलिश माणसाच्याच चुका करते, आणि चुकण्याआधी नेमकी जिथे थांबायला हवी तिथे थांबते.

माझ्याकडे नट येतो तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: या माणसाचं गाव कुठलं, आणि तिथल्या एका माणसाचं रेकॉर्डिंग आण. देश नको, एक माणूस. आज ते सोपं आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या पॉल मायर यांनी जगभरच्या इंग्रजी बोलींचा मोठा ध्वनिसंग्रह नेटवर ठेवलाय. मग आठवडाभर एकही वाक्य पाठ करायचं नाही. फक्त तोंडाची बैठक: जबडा किती उघडा, ओठ पुढे की मागे, जीभ विश्रांतीला कुठे पडलेली. ही बैठक जमली की निम्मे आवाज आपोआप जागेवर येतात. मग अडखळणं. माणूस शब्द शोधताना काय आवाज काढतो? आपण ‘हे आपलं… म्हणजे…’ म्हणतो, फ्रेंच माणूस ओठ गोल करून ‘अऽऽ’ धरतो, स्पॅनिश ‘एऽऽ’. नट शब्द घोकून येतो, पण अडखळतो आपल्या मातृभाषेत. टेकमध्ये मला सगळ्यात आधी तिथेच कळतं. शेवटी राग आणि रडणं, कारण ॲक्सेंट तिथेच सुटतो.

आणि भाच्याच्या शेजाऱ्यांचं म्हणाल, तर पुढच्या खेपेला जाल तेव्हा बर्टची बाजू घेऊन भांडू नका. त्यांना चहाला बोलवा, गिनेसचा गोडबोले लावा, आणि सांगा, आता हसायची पाळी आमची.